ब्लाउज सगळ्यात शेवटी: मोठ्या माणसांना शिवण शिकवायचं तर

शिवणवर्गाचा कागद सोसायटीच्या फळ्यावर लावला की पहिला फोन येतो तो असा: "ब्लाउज शिकवता ना?" दुसरा फोन तसाच, तिसराही तसाच. कारण उघड आहे. ब्लाउजची शिलाई दरवर्षी वाढते, टेलरकडे खेटे घालावे लागतात आणि एवढं करून बाही घट्ट होते ती होतेच. मी सांगते, "शिकवते, पण सगळ्यात शेवटी." काही जणी तिथेच फोन ठेवतात. ठेवू देत.

माझ्या पहिल्या बॅचला मी उलटं केलं होतं. सातजणी आल्या, सातही जणींना ब्लाउज हवा होता, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात पेपर कटिंग काढलं. चार टक्स, मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची गोलाई, बाही चढवणं, अस्तर, हुकपट्टी, गळ्याची पायपिन. यातली एकेक गोष्ट म्हणजे वेगळं कसब. त्यात ब्लाउज अंगाला चिकटून बसणारा, दोन सूत, म्हणजे पाव इंच, इकडेतिकडे झालं तरी काखेत घडी दिसते. एकीने साडीतला ऐंशी सेंटिमीटरचा पीस आणला होता. मुंढा जास्त कापला गेला आणि त्या साडीला जुळणारं दुसरं कापड मिळणार कुठे? ती परत आलीच नाही. बॅच संपली तेव्हा तिघी उरल्या होत्या.

ज्यांना स्वतःला नीट शिवता येतं आणि आता घरच्या हॉलमध्ये किंवा महिला मंडळाच्या खोलीत वर्ग घ्यायचाय, त्यांच्यासाठी पुढचं सगळं लिहिते आहे. आपल्या हाताला सवय इतकी झालेली असते की सुई कापडात असतानाच वळायचं, हे आपल्याला कुणी कधी शिकवलं तेही आठवत नाही. शिकवताना तेच आधी आठवावं लागतं.

वर्ग लावण्याआधी

एका वेळी सहाजणांच्या वर नको. मशिनं तीन असली तरी चालतात. दोघींत एक मशीन ठेवलं की एक शिवते, दुसरी कापते किंवा उसवते, आणि शेजारणीची चूक बघून अर्धं शिक्षण आपोआप होतं. मात्र एका मशीनवर तिघी बसवल्या तर तिसरी फोन काढून बसते.

आठ आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, दोन दोन तास. म्हणजे बत्तीस तास. वेळ दुपारी दोन ते चार. सकाळचं सगळं आवरलेलं असतं आणि मुलं शाळेतून यायची असतात. बॅच जूनच्या अखेरीला सुरू केली तर गौरी-गणपतीच्या आत आटोपते. दिवाळीच्या आधी सुरू करू नका. तेव्हा तुमच्याकडेच शिवायला कपड्यांचा ढीग पडलेला असतो आणि शिकणाऱ्यांच्या घरी साफसफाई निघालेली असते. नोकरी करणाऱ्यांसाठी रविवार सकाळची वेगळी बॅच बरी पडते. तिथे एखाद दुसरे काकाही येतात. निवृत्तीनंतर आलेले काका मापाच्या बाबतीत फार काटेकोर असतात, पण उसवायला सांगितलं की रुसतात.

मशीन साधं पायडलचं, सरळ टीप घालणारं असलं की पुरे. बॅचच्या आधी तेल घाला, पट्टा सैल झाला असेल तर कापून घट्ट करा आणि सगळ्या सुया नव्या लावा. सुतीला १४ नंबर, पातळ रुबियाला ११, जीन्सच्या किंवा पिशवीच्या जाड कापडाला १६. सुईला एका अंगाला लांब खाच असते आणि तिच्या विरुद्ध अंगाला दांडा चपटा असतो. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने ओवायचा. "टीप सुटते" या तक्रारींपैकी निम्म्या तरी उलट्या किंवा बोथट सुईच्या निघतात.

गुडघेदुखी असेल तिला मोटरच्या मशीनवर बसवा. बाकीच्यांना पहिला महिना पायडलवरच राहू द्या. मोटरवर नवशिक्याचा पाय दबला की कापड हाताबाहेर जातं.

कापायला निदान एक तरी कमरेइतकं उंच टेबल हवं. जमिनीवर बसून कापायची सवय आपल्याला आहे, पन्नाशीतल्या बाईला ती लावायला जाऊ नका. उजेड भरपूर हवा. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, आणि "मला जमतच नाही" असं म्हणणारीला पुष्कळदा फक्त चष्मा विसरल्याचं कबूल करायचं नसतं. मी मशीनच्या खणात पांढऱ्या कागदाचे तुकडे ठेवते. सुईच्या मागे कागद धरला की नेढं दिसतं.

सरावाला मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड. मी इचलकरंजीहून ठोक आणते, एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ३६ इंच पन्हा (रुंदी) म्हणून घेतलेलं कापड धुतल्यावर पुरतं ३६ राहत नाही, हे वर्गात मोजून दाखवा. सांगितलेलं विसरतं, मोजलेलं विसरत नाही.

पहिला दिवस: दोरा नाही

पहिल्या दिवशी मशीनला दोराच लावू नका.

बांगड्या मागे सरकवायच्या, ओढणी किंवा पदर कमरेला खोचायचा, मंगळसूत्र लांब असेल तर आत घालायचं. चाकात पदर जाणं ही गंमत नाही. मग दाबपाय वर उचललेला ठेवून नुसतं पायडल मारायचं. कापड नसताना दाबपाय खाली राहिला तर तो दात्यांवर घासतो, हेही तेव्हाच सांगून टाका. दोन्ही पावलं पायडलवर सपाट, एक किंचित पुढे. उजव्या हाताने चाक आपल्याकडे फिरवायचं आणि पायांनी ती गती धरायची. नवशिकी हमखास चाक उलटं नेते. मी चाकावर खडूचा ठिपका काढते: ठिपका वरून आपल्याकडे यायला हवा. दहा मोजेपर्यंत चालव, थांब, परत चालव. थांबणं हे चालवण्याहून अवघड असतं, त्यामुळे वेळ त्यात घालवा.

मग वहीचं रेघांचं पान. जुनी सुई लावा, कारण कागदाने सुई बोथट होते. पान दाबपायाखाली घालून रेघेवरून भोकं पाडत जायचं. आधी सरळ, मग चौकोन, शेवटी गोगलगाईच्या पाठीवरचा वेटोळा. चौकोनाच्या कोपऱ्यावर ती एक गोष्ट शिकते: सुई खाली, दाबपाय वर, कागद वळवा, दाबपाय खाली. हे तोंडाने म्हणायला लावा. पान उजेडात धरलं की भोकांची रांग दिसते आणि कुठे हात ओढला गेला ते तिचं तिला कळतं. हे पान घरी न्यायला द्या, तारीख घालून.

दुसरा दिवस: वर लाल, खाली निळा

आता दोरा. वरचं रीळ लाल, बॉबिनमध्ये निळा, कापड पांढरं. हा माझा सगळ्यात आवडता धडा. पुढचे सहा महिने होणारे निम्मे घोळ यात उलगडतात.

मागच्या बॅचला एक काकू होत्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. वरून टीप मोत्यासारखी, कापड उलटं केलं तर खाली नुसता गुंता.

"तुमची बॉबिनच खराब आहे हो."

मी म्हटलं, "काकू, गुंत्यात कुठला रंग आहे बघा बरं."

त्यांनी चष्मा लावला. "लाल."

"मग लाल कुठून येतो?"

त्या थांबल्या आणि हसायलाच लागल्या. "म्हणजे चूक वरच्याची आणि बोल खालच्याला!"

तेच आहे. खाली गुंता झाला की शंभरातले नव्वद लोक बॉबिनची डबी उघडून बसतात. दाबपाय खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये जातच नाही, वरवर राहतो. वरून ताण नाही म्हणून खाली सैल ओढला जातो. उपाय असा: दोरा पूर्ण काढा, दाबपाय वर करा म्हणजे चकत्या उघडतात, आणि पहिल्यापासून ओवा. काकूंनी ओवला, टीप बसली. मी मशीनला हात लावला नाही.

एवढं झाल्यावरच टेन्शनचं बटण दाखवा. लाल वर आणि निळा खाली, आपापल्या अंगाला दिसले तर बरोबर. गाठ कापडाच्या पोटात पडते. खालच्या अंगाला लाल ठिपके दिसले तर वरचा ताण सैल आहे, बटण उजवीकडे फिरवा. वर निळे ठिपके आले तर डावीकडे. एका वेळी अर्धाच फेरा आणि दर फेऱ्यानंतर दोन इंच टीप घालून बघायची.

त्याच दिवशी आणखी दोन सवयी. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरायची, नाहीतर पहिल्याच टाक्याला दोरा आत ओढला जातो. आणि कापड मागून ओढायचं नाही. दाते कापड नेतात, आपण फक्त दिशा द्यायची. ओढलं की सुई वाकते, पत्र्यावर आपटते आणि तुटते.

उसवणं

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाकडी टीप घालायला लावते आणि मग ती उसवायला लावते. पूर्ण तास.

शाळेतल्या मुलाला चुकायची सवय असते. घर चालवणाऱ्या, वीस माणसांचा स्वयंपाक अंदाजाने करणाऱ्या बाईला दुसऱ्यांसमोर चुकायची सवय गेलेली असते. चूक झाली की ती कापड गुंडाळून पिशवीत घालते आणि म्हणते, "घरी करीन." ते घरी होत नाही. म्हणून उसवणं हे शिक्षा म्हणून यायच्या आधी धडा म्हणून यायला हवं.

रीत अशी. एका अंगाचा दर चौथा-पाचवा टाका रिपरने, म्हणजे टाके उसवायच्या छोट्या हत्याराने, कापायचा, कापड उलटायचं, आणि दुसऱ्या अंगाचा दोरा ओढायचा. तो सलग निघून येतो. दोन्ही पदर ताणून मधून ब्लेड फिरवणारी एकतरी असते. तिला करू द्या, कापडाला चीर पडेल, मांजरपाटच आहे. सरावाच्या टिपा मोठ्या ठेवल्या की उसवायला सोप्या जातात आणि अर्ध्या वेळात होतं.

टेप आणि सूत

इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. एवढं सांगितलं की पुरे. अपूर्णांकाचं गणित फळ्यावर मांडू नका, शाळेतली भीती वर येते. पण पाव, सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द भाजीबाजारात रोज वापरलेले असतात. "पावणेदोन किलो कांदे" म्हणणारीला पावणेदोन इंच टेपवर कुठे आहे ते दोन मिनिटांत दाखवता येतं. बोट ठेवायला लावा: सव्वातीन दाखवा, साडेसात दाखवा, पावणेपाच आणि एक सूत दाखवा. टेपच्या एका अंगाला सेंटिमीटर असतात. सुरुवातीला ते झाकून टाका. अर्धं माप इंचात आणि अर्धं सेंटिमीटरात घेतलेला परकर मी पाहिलेला आहे.

मशीनच्या पत्र्यावर सुईपासून अर्ध्या इंचावर रंगीत चिकटपट्टी लावा. कापडाची कड त्या पट्टीला लावून चालवायची आणि नजर सुईवर ठेवायची नाही, पट्टीवर ठेवायची. एवढ्या एका युक्तीने टीप सरळ येते. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे बघितलं की आपण पडतो, तसंच हे.

पहिली वस्तू: बाजाराची पिशवी

पिशवी निवडायची कारणं दोन. मापाला थोडी चुकली तरी ती पिशवीच राहते. आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यासमोर ती दिसते.

तयार पिशवी १४ इंच रुंद, १६ इंच उंच धरू. तळाला जोड द्यायचा नाही, कापड तिथे दुमडायचं. रुंदी: १४ अधिक दोन्ही बाजूंचे अर्धा अर्धा इंच, म्हणजे १५. लांबी: १६ दुणे ३२, अधिक वरच्या दोन्ही तोंडांच्या दुमडीसाठी सव्वा सव्वा इंच, म्हणजे साडेचौतीस. सव्वा इंच कशासाठी? पाव इंच आधी आत मोडायचं, मग एक इंच. कच्ची कड झाकली जाते. हे कागदावर मोडून दाखवा, नुसतं सांगून कळत नाही. हातात धरायचे बंद दोन, प्रत्येकी ४ इंच रुंद, २२ इंच लांब, चौपदरी दुमडून एक इंचाचे. ३६ पन्ह्याच्या एका मीटरात हे आरामात बसतं आणि सरावाला तुकडा उरतो.

कापायच्या आधी उभा धागा शोधायला शिकवा. कापडाची घट्ट विणलेली किनार असते, तिला समांतर तो उभा धागा. कापड दोन्ही दिशांना ताणून बघायला द्या: उभं जवळजवळ ताणत नाही, आडवं थोडं ताणतं, तिरकं सगळ्यात जास्त. पुढे गळ्याची पट्टी तिरकी का कापतात ते सांगताना हीच आठवण कामाला येते. पिशवीची लांबी उभ्या धाग्यावर घ्या. तिरकी कापलेली पिशवी दोन किलो बटाट्यांत लोंबते.

शिवायचा क्रम: आधी बंद, मग वरची दोन्ही तोंडं दुमडून टीप, मग बंद तोंडाला जोडणं, शेवटी बाजू. नवशिकी बाजू आधी शिवते आणि मग गोल तोंडात दाबपाय घालायला धडपडते. एकदा धडपडू द्या. बंद कडेपासून साडेतीन इंचावर, टोकं आत दीड इंच, चौकोनी टीप आणि मध्ये फुली. ही फुली म्हणजे पहिल्या दिवशीच्या कागदावरचा कोपरा, फक्त चार वेळा. बाजूंची टीप दोनदा घाला, सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके मागे घ्या. मशीनला उलट चालायची कळ नसेल तर कापडच फिरवायचं.

या एका पिशवीला तीन वर्ग जातात. घाई करू नका. पिशवी भरून, उचलून, हलवून बघा. बंद सुटला तर परत टेबलावर.

अभ्रा, मग परकर

पाकिटासारखा आत झडप असलेला उशीचा अभ्रा हा दोन वर्गांचा मामला आहे. त्यात नवीन फक्त एवढंच की माप तुम्ही द्यायचं नाही. प्रत्येकीने घरची उशी मोजून आणायची आणि कापडाचा हिशेब स्वतः मांडायचा. लांबी दुप्पट, झडपेला सहा इंच, दोन्ही टोकांच्या दुमडी, बाजूंना शिलाईचं मार्जिन. वहीत मांडलेला हिशेब तपासल्याशिवाय कात्री हातात देऊ नका.

परकर हा पहिला अंगात घालायचा कपडा. सैल असतो, नाडीवर बसतो, म्हणून चुका पोटात घालतो. सहा कळ्यांचा करा. आयताकृती तुकडा तिरका कापून कळ्या केल्या की प्रत्येक कळीची एक बाजू सरळ आणि एक तिरकी येते. तिरकी बाजू शेजारच्या कळीच्या सरळ बाजूला जोडायची, म्हणजे घेर लोंबत नाही. तिरकी-तिरकी जोडली तर पहिल्या धुण्यानंतर परकर एका बाजूला खाली येतो. कळ्या कापडावर उलटसुलट मांडल्या की कापड वाचतं, हे कागदाचे त्रिकोण फिरवून खेळासारखं करून घ्या. नेफ्याला नाडीसाठी जागा ठेवायला निम्म्याजणी विसरतील. खालची दुमड घालण्याआधी परकर एक रात्र हँगरवर टांगायला सांगा आणि लोंबेल तेवढा सकाळी कापा.

आणि मग, सातव्या-आठव्या आठवड्यात, ब्लाउजचं पेपर कटिंग. मांजरपाटाचा एक कच्चा ब्लाउज अंगात घालून बघितल्याशिवाय साडीतल्या पिसाला कात्री लावायची नाही. ही अट मी पहिल्याच दिवशी सांगते. आठ आठवड्यांत ब्लाउज पूर्ण येईल असं वचन कुणी देत असेल तर द्यावं, मी देत नाही. पुढचे आठ आठवडे नुसत्या ब्लाउजचे वेगळे ठेवते, आणि आता फोन ठेवणाऱ्यांतल्याच काहीजणी त्यासाठी परत येतात.

हात मागे

शिकवणाऱ्याला सगळ्यात जड जाणारी गोष्ट म्हणजे स्वतःचे हात. समोर टीप वाकडी जाते आहे, आपण वाकतो आणि "सरका जरा" म्हणून चार इंच शिवून देतो. तिला मिळतात चार सरळ इंच आणि खात्री, की हे आपल्याला जमणार नाही. मी पाठीमागे हात बांधून उभी राहते. दाखवायचंच असेल तर माझ्या कापडावर, माझ्या मशीनवर दाखवते.

चूक कानाशी सांगायची, चांगलं झालेलं सगळ्यांत सांगायचं. सासू-सून एकाच बॅचला आल्या तर एका मशीनवर बसवू नका. वयाने मोठ्या असलेल्यांना "अहो काकू, हे बघा" असंच बोलायचं. वर्ग तुमचा असला तरी काकू काकूच असतात.

गैरहजेरी होणार: पाहुणे, आजारपण, लग्न. म्हणून प्रत्येक वर्गाच्या आधी दहा मिनिटं मागचं परत. फी एकरकमी आणि आधी घ्या, तुकड्यात घेतली की माणसंही तुकड्यातच येतात. कापड आणि दोऱ्याचा खर्च फीमध्येच धरा.

काहीजणी विचारतात, "यावर कमवता येईल का?" सरळ सांगा: आठ आठवड्यांवर नाही. नेटाने करायचं असेल तर आयटीआयमध्ये शिवणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ज्या आधीपासून घरी शिलाईचं काम घेतात त्यांना पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती द्या. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, प्रशिक्षणाच्या दिवसांचा रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. नुसता वर्ग केला म्हणून ती मिळत नाही, काम चालू असावं लागतं.

शेवटचा वर्ग मी काहीच शिकवत नाही. प्रत्येकीने घरातली एक मोडकी गोष्ट आणायची: उसवलेला खिसा, चेन गेलेलं दप्तर, गुडघ्यावर फाटलेली पँट, आखूड झालेला फ्रॉक. दोन तासांत जमेल तेवढी दुरुस्त करायची. मागच्या वेळी काकूंनी नातवाचं दप्तर आणलं. दप्तराचा जाड बंद, त्यात मशीनला १४ ची सुई. त्यांनी कापड बघितलं, खण उघडला आणि मला न विचारता १६ ची काढली.